मुधोळी कुत्र्याचे प्राचीनत्व

कर्नाटकातील आतकूर येथे इ. स. 949-50 च्या सुमाराची एक कोरीव शिळा मिळाली; ती आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईतील पराक्रमाबद्दल मणलेर नामक वीराने राजा बूतुग याजकडे बक्षीस म्हणून मागितला तो एक शिकारी कुत्रा! ‘काळी’ हे त्याचे नाव. पुढे रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. धन्याने त्याची स्मारकशिळा उभारली आणि तिच्या पूजेसाठी जमीनही लावून दिली.

मुधोळी कुत्र्याचे, म्हणजेच आपल्याकडील कारवानी कुत्र्याचे, अभिमानी या काळीला त्याचा पूर्वज ठरवू पाहतात. शिळेवरून सिद्ध होते ते इतकेच, की हजार वर्षांपूर्वी या भागात शिकारी कुत्र्यास मोठा मान होता. त्याची जात कोणती, हे लेख सांगत नाही. काश्मिरातील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन शिळेवरही शिकाऱ्यांसोबत कुत्रा कोरलेला आहे. म्हणून तोही मुधोळीच काय?

आकृतीचे साम्य फसवे असते. सशामागे उघड्या माळावर धावावयाचे, तर लांब पाय, खोल छाती व निमुळते डोके हवेच. एकाच कामासाठी निवड होत गेली, की निरनिराळ्या कुळांतील कुत्रेही सारखे दिसू लागतात. ‘फारो हाउंड’ हा प्राचीन मिसरी कुत्र्याचा वंशज, असे युरोपात आवर्जून सांगितले जाई. 2004 साली 85 जातींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा तो अर्वाचीन युरोपीय जातींतच आढळला. त्याच तुलनेत पश्चिम आशियातील सालुकी मात्र खरोखरीच्या जुन्या गटात निघाला.

मुधोळी कुत्रा प्राचीन नाही, असे आमचे म्हणणे नव्हे. व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज पश्चिमेकडून आले, हा समज ‘कारवानी’ या नावातच आहे व तो असंभाव्य नाही. परंतु आज आपण जिला मुधोळी जात म्हणतो, तिला आकार देण्याचे श्रेय मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांस दिले जाते. स्थानिक शिकारी लोकांजवळचे निवडक कुत्रे जमवून त्यांनी ही पैदास केली, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. वंश जुना आणि जात नवी, असे असण्यात कमीपणा कसला?

हा वाद आम्हांस केवळ पंडिती वाटत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण त्यामुळे या कुत्र्याची जुनी परीक्षाही संपली. पूर्वी मंद पिल्लाची पैदास कोणी करीत नसे. आता गिऱ्हाईक उंची व रंग पाहते आणि पुराणकथा ऐकून दाम मोजते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या जातीची नोंद केली आहे. त्या नोंदीला अर्थ यावयाचा, तर धनगरांच्या वाड्यांवरील कुत्र्यांचे रक्तनमुने घ्यावेत, त्यांची धाव व दम मोजावा आणि जवळच्या नात्यातील संकर किती वाढला आहे तेही तपासावे. काळीची शिळा संग्रहालयात सुरक्षित आहे. या वाड्यांवरील कुत्र्यांचे तसे नाही.