शपथेपेक्षा आराखडा

बाजारपेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. पेढी तीन पिढ्यांची, गृहस्थ पंचावन्न वर्षांचे. दोन मोठ्या व्यापाऱ्यांकडे रक्कम अडकली, बँकेचे हप्ते थकले आणि दिवाळीनंतर त्यांचे बोलणे कमी होत गेले. पहाटे तीनलाच ते उठून बसू लागले. पेढीच्या किल्ल्या, विम्याची कागदपत्रे, येण्या-देण्याच्या याद्या त्यांनी एकेक करून मुलाच्या हवाली केल्या. एके संध्याकाळी जेवताना ते सहज म्हणाले, "माझ्यानंतर तुम्हांला सारे सोपे जाईल." पत्नीने तत्काळ आपली शपथ घातली, "असे पुन्हा बोलायचे नाही." ते पुन्हा बोलले नाहीत. घराला वाटले, संकट टळले.

संकट टळले नव्हते; त्याविषयीचे बोलणे तेवढे थांबले होते. शपथेमागे प्रेम असते, यात शंका नाही. परंतु काय करू नये, एवढेच शपथ सांगते. अपरात्री विचार अनावर झाला तर काय करावे, कोणाला उठवावे, हे ती सांगत नाही. मानसोपचारातही एकेकाळी रुग्णाकडून 'मी जिवाचे बरेवाईट करणार नाही' असा करार लिहून घेण्याची पद्धत होती. अशा कराराने जीव वाचतो, याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून तज्ज्ञांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

त्या मार्गाचा आरंभ प्रश्नापासून होतो. जीव देण्याविषयी विचारले, तर तो विचार मनात रुजेल, ही भीती सर्वत्र आढळते. संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट, विचारल्याने अनेकांच्या मनावरचा भार हलका होतो. या घरातील मुलाने धीर करून विचारले, "अण्णा, जगणे नकोसे वाटते का?" बराच वेळ ते गप्प राहिले आणि म्हणाले, "वाटते." दुसऱ्याच दिवशी मुलगा त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला.

तेथे झाली ती जोखमीची तपासणी. कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली प्रश्नावली या कामी अनेक देशांत वापरली जाते. मरणाची इच्छा केवळ मनात येऊन जाते, की तिला निश्चयाचे व योजनेचे रूप आले आहे. पूर्वी कधी तसा प्रयत्न झाला होता का, हे प्रश्न क्रमाने आणि स्पष्ट शब्दांत विचारले जातात. झोप, मद्यपान, आजार, कर्ज, तसेच जगण्याशी बांधून ठेवणारी माणसे यांचीही विचारपूस होते. यावरून रुग्णालयात दाखल करावे, की घरी ठेवून उपचार करावेत, हे तज्ज्ञ ठरवतात. भविष्य अचूक सांगणारी ही परीक्षा नव्हे. आज किती व कोणते साहाय्य हवे, हे ठरविण्याचे ते साधन आहे.

यानंतर सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याची सहा पायऱ्यांची पद्धत घालून दिली. आराखडा तज्ज्ञांसोबत बसून, पण रुग्णाच्याच शब्दांत लिहावयाचा असतो. अण्णांनी पहिल्या पायरीवर धोक्याची खूण लिहिली: 'पहाटे जाग येणे आणि देण्यांची बेरीज पुन्हापुन्हा करणे.' दुसरीवर, एकट्याने करता येण्याजोगे: 'अंगणात फेऱ्या, नामस्मरण.' तिसरीवर, मन रमेल अशी माणसे व ठिकाणे: 'मंदिराचा कट्टा, नातीचा अभ्यास.' चौथीवर, मदत मागता येईल अशी माणसे: मुलगा आणि धाकटा भाऊ. पाचवीवर डॉक्टरांचा व मदतवाहिनीचा क्रमांक. सहावी पायरी घर सुरक्षित करण्याची. औषधांचा साठा आणि अन्य धोकादायक वस्तू कुटुंबाने आपल्या ताब्यात घेतल्या. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा ओसरणारी असते. तेवढा काळ निभावून नेणे, हा या साऱ्याचा हेतू.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये १,६४० रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आराखडा लिहून घेऊन नंतर दूरध्वनीवरून विचारपूस झालेल्या रुग्णांमध्ये, नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. कागदाइतकेच महत्त्व त्या विचारपुशीला आहे, हे कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावे.

पोलीस आणि समाज या दोहोंच्या धास्तीने अनेक घरे गप्प राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरावयाचे असते, आणि तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरते. हाच कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे वैद्यकीय विमा मिळावा, असे सांगतो. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाला मात्र कायद्यात उत्तर नाही. ते घरानेच द्यावयाचे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. इतक्या घरांनंतर मौनाला प्रतिष्ठा म्हणता येत नाही.

अण्णांचे कर्ज आराखड्याने फिटले नाही. पुढे मुलगा व भाऊ त्यांच्यासोबत बँकेत गेले आणि हप्त्यांची फेरआखणी मागितली. थकलेल्या कर्जाची मुदत वाढू शकते, तडजोड होऊ शकते. पण वाटाघाटीला बसण्यासाठी माणूस असावा लागतो. तो कागद अण्णांच्या पाकिटात असतो. पत्नीने त्याची एक प्रत देवघराच्या खणात ठेवली आहे आणि ती आता शपथ घालत नाही, "आज रात्र कशी गेली?" एवढेच रोज सकाळी विचारते.

(शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतही उपलब्ध आहे. धोका तातडीचा वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ११२ किंवा १०८ वर संपर्क साधावा.)