वेडी ठरवण्याचा अधिकार कोणाचा?



आपल्या भागात घरात भांडण पेटले की ‘हिला रत्नागिरीला धाडा’ असे सहज म्हटले जाते. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. कोल्हापूरकरांच्या वाट्याला येते ते रत्नागिरीचे. ही धमकी पुढे कागदावर कशी उतरते, हे सल्ला मागायला येणाऱ्या बायकांमुळे आपल्याला ठाऊक आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. मारहाणीने झोप उडाली म्हणून बाईने घेतलेल्या गोळ्यांची चिठ्ठीच कोर्टात तिच्यावर उलटते.

त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांची संघटना धोरणाबाबत काय बोलते, हा केवळ डॉक्टरांचा आपसातला मामला राहत नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी १९४७ साली स्थापन झाली. सरकारला निवेदने देणे, विधेयकांवर हरकती घेणे हे तिचे नेहमीचे काम. आम्ही विज्ञानाची माणसे, राजकारण आमचे क्षेत्र नव्हे, असे अनेक डॉक्टर म्हणतात. पण कोणाला आजारी म्हणायचे हे ठरवण्याइतके राजकीय काम दुसरे कोणते?

कलम ३७७ चेच पाहा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले. पुढच्याच महिन्यात, संघटनेचे अधिवेशन पुण्यात असताना, तिच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी समलैंगिकता अनैसर्गिक असल्याचे म्हटल्याच्या बातम्या आल्या. टीका झाली, आणि हा आजार असल्याला पुरावा नाही असा खुलासा संघटनेला करावा लागला. जुलै २०१८ मध्ये तिने समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत अशी जाहीर भूमिका घेतली. निकाल सप्टेंबरात आला. तो लढा इतरांनी वर्षानुवर्षे लढवला होता. संघटना उशिरा आली. पण आली, आणि तिच्या शब्दाला वजन होते हेही खरे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याबाबत मात्र सूर वेगळा लागला. सर्वसाधारण रुग्णालयांतल्या मनोविकार विभागांना नोंदणीच्या जाचातून वगळा, ही मागणी समजण्यासारखी आहे. डॉक्टर थोडे, कागद फार, आणि रुग्ण दारातून परत जायचा. पण आपल्या उपचारांबद्दल रुग्णाने आधीच लिहून ठेवायचे आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमायचा, या तरतुदींनाही व्यवसायातून मोठा विरोध झाला. भारतात कुटुंबच रुग्णाला सांभाळते, असा त्यांचा मुद्दा. सांभाळते, हे आम्हीही पाहतो. आणि सांभाळणारी बहुधा बाईच असते. पण आजारी तीच पडली, तर तिच्यासाठी ‘कुटुंब’ म्हणून सही करायला पुढे कोण येतो? ठाण्याच्या मनोरुग्णालयात एक स्त्री नवऱ्याशी झालेल्या वादानंतर बारा वर्षे राहिली. तिच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली तीही एका मनोविकारतज्ज्ञानेच, डॉ. हरीश शेट्टी यांनी. व्यक्ती म्हणून डॉक्टर उभे राहू शकतात, तर संघटनेला काय अडचण आहे?

या कायद्यात आपल्या उपयोगाचे बरेच आहे, आणि ते डॉक्टरांकडून कळेल याची वाट पाहायला नको. मनोविकार आहे एवढ्यावरून कोणी वेडसर ठरत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचे (कलम ३). समाजाच्या नीतिकल्पनांत न बसणे हा आजाराचा निकष नाही. खटल्यात कोणाच्या मनोविकाराचा पुरावा पुढे आला आणि समोरच्याने तो नाकारला, तर न्यायालयाने प्रकरण पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचे (कलम १०५). प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो (कलम १४). तो नेमला नाही, तर आधी नातेवाइकाकडे पाहिले जाते. बहीण, मैत्रीण, गटातली कार्यकर्ती – नाव आपणच लिहायचे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने हा कागद करावा, बरी असतानाच.

मंडळांवर आणि राज्य प्राधिकरणावर रुग्ण, सांभाळणारे आणि स्वयंसेवी संस्था यांना कायद्याने जागा दिल्या आहेत. त्या जागांवर बायका किती, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या गटांनी लेखी विचारावे. संघटनेच्या पश्चिम विभागीय शाखेलाही एक पत्र जायला हवे : बाईला न भेटता, फक्त सासरच्यांच्या सांगण्यावरून तिच्या मनाविषयी दाखला देणाऱ्या सभासदाबद्दल तुमचा नियम काय आहे?