सरकारी चौकडा

स्कॉटिश पलटणींची ओळख आम्हा ग्वाल्हेरकरांना इतिहासाने करून दिलेली आहे. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे वेलस्लीने उभ्या केलेल्या दोन्ही गोऱ्या पायदळ पलटणी, ७४ वी आणि ७८ वी, हायलँडरच होत्या. त्यांचे वारस २००६ मध्ये इतर स्कॉटिश पलटणींसह एकाच रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले.

२००४ च्या अखेरीस हा निर्णय जाहीर होताच माजी सैनिकांनी गहजब केला. त्याच वर्षी ब्लॅक वॉचचे जवान इराकमध्ये पडले होते, त्यामुळे जखम ओली होती. दुःख नावाचे होते, तसेच कापडाचेही. जुने निरनिराळे टार्टन जाऊन सर्वांना एकच हिरवा-निळा-काळा चौकडा मिळाला. टोपीवरचे तुरे तेवढे वेगळे राहिले.

या चौकड्याचे नावच मुळी 'गव्हर्न्मेंट टार्टन'! १७४६ मध्ये कलोडनला बंडखोरांचा पाडाव झाल्यावर लंडनच्या सरकारने डोंगराळ मुलखातील सामान्य पुरुषाला हा पोशाख वर्ज्य केला. पहिल्या अपराधाला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती फौजेतल्या शिपायाला. १७८२ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे, आजोबांचा पोशाख उजळ माथ्याने घालायचा तर बंदी घालणाऱ्या राजाचीच चाकरी धरावी लागे.

पुढे पलटणींनी याच सरकारी चौकड्यात एकेक रेघ वाढवली. गॉर्डनांनी पिवळी घेतली, मॅकेन्झींच्या पलटणीने तांबडी व पांढरी. आज त्या आडनावाची माणसे तेच कापड कुळाचा पुरातन वारसा म्हणून हौसेने विकत घेतात.

म्हणून ही परंपरा खोटी, असे काही पंडित म्हणतात. मला ते पटत नाही. जे कापड अंगावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, ते कुणी दिले याचा हिशेब मागाहून मांडून शोक खोटा ठरत नाही. मात्र सरकारने वारसा हिरावला, ही तक्रार मला अर्धीच वाटते. त्या वारशाला सरकारी शिक्का पहिल्यापासूनच होता.

सर्वांसाठी निवडलेली छटा आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सची होती. २०१३ मध्ये त्यांचीच बटालियन कमी करून एडिंबरोतील समारंभांपुरती एक कंपनी ठेवण्यात आली.