विश्लेषण : देशी चिप आली, पण तिची ‘बस’ कोण चालवणार?

‘सी-डॅक’ने विकसित केलेला ‘ध्रुव६४’ हा १ गिगाहर्ट्झ वेगाचा, ६४ बिटचा प्रोसेसर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्याआधी २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांना भेट देण्यात आली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती चिपचीच. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरील पावणे एमआयडीसीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्याने उद्या कंट्रोल पॅनेलमध्ये असा देशी प्रोसेसर बसवायचे ठरवले, तर पहिला प्रश्न वेगाचा नसेल. रिअॅक्टरचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी हा प्रोसेसर भरवशाने बोलतो का, हा असेल. ते बोलणे ‘बस ड्रायव्हर’ नावाच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते.

ही ‘बस’ कोणती?

पावण्यात बस ड्रायव्हर म्हटले की एनएमएमटीचा चालकच डोळ्यांसमोर येणार. इथली बस मात्र तारांची आहे. अनेक उपकरणे ज्या सामायिक तारांवरून प्रोसेसरशी बोलतात, तो रस्ता म्हणजे बस. साधा ड्रायव्हर एक उपकरण सांभाळतो. बस ड्रायव्हर रस्ताच सांभाळतो : पाळी कोणाची, उत्तराची वाट किती पाहायची, नवे कोण जोडले गेले, कोण अचानक निघून गेले. साहजिकच त्याची एक चूक रस्त्यावरच्या सगळ्यांना भोवते.

यूएसबी किंवा पीसीआय बसवरचे उपकरण आपली ओळख स्वतः सांगते. पीसीआयवर प्रत्येक कंपनीचा क्रमांक ठरलेला असतो. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचीच आठवण ठेवत ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली ‘आयटूसी’ बस मात्र अबोल आहे. एक तार घड्याळाची, एक माहितीची आणि प्रत्येक उपकरणाला बहुधा ७ बिटचा पत्ता, बस्स. कोणत्या पत्त्यावर कोण बसले आहे, हे ऑपरेटिंग सिस्टीमला आधीच लिहून द्यावे लागते. लिनक्समध्ये हे काम ‘डिव्हाइस ट्री’ करते. पत्ता चुकला तर शांतता. त्याहून वाईट म्हणजे भलतेच उपकरण उत्तर देते.

खरी परीक्षा कुठे?

सगळे सुरळीत असताना चालणारा ड्रायव्हर लिहिणे फार कठीण नसते. समजा, सेन्सर आपला आकडा पाठवत असताना प्रोसेसर मध्येच रिसेट झाला. प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण सेन्सरची वीज गेलेलीच नसते. तो माहितीची तार खाली ओढून पुढच्या ठोक्याची वाट पाहत बसतो. प्रोसेसरला वाटते, रस्ता अडलेला आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहतात आणि पुन्हा रिसेट करूनही काही होत नाही. यावर ठरलेला उपाय आहे : घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्यायचे, म्हणजे सेन्सर उरलेले बिट पाठवून तार सोडतो. हे नऊ ठोके ड्रायव्हरमध्ये नसले, तर प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्याहून धोक्याचे दुसरेच. बस अडली असताना ड्रायव्हरने ‘वाचता आले नाही’ असे सांगण्याऐवजी शेवटचा जुना आकडाच पुढे केला, तर पडद्यावर तापमान स्थिर दिसेल आणि आत रिअॅक्टर तापत असेल. माझ्या मते ड्रायव्हरच्या चाचणीत सर्वांत आधी हेच तपासायला हवे.

त्यासाठी बिघाड मुद्दाम घडवावा लागतो. लिनक्समध्ये त्याची सोय आहे : ‘आयटूसी-स्टब’ हे खोटे उपकरण उभे करून खऱ्या चिपशिवाय वरचे ड्रायव्हर तपासता येतात, तर दुसऱ्या एका सुविधेने तार मुद्दाम अडकवून ठेवता येते. हा खटाटोप अनाठायी नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण कर्नलच्या इतर भागांपेक्षा तीन ते सात पटींपर्यंत जास्त आढळले. मोठ्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. २० एप्रिल १९९८ रोजी बिल गेट्स यांच्यासमोर, भर व्यासपीठावर, यूएसबी स्कॅनर जोडताच विंडोज ९८ कोसळली होती.

कारखान्यात काय बदलते?

पॅनेलबाहेर आरएस-४८५ च्या लांब तारा असतात आणि त्यांवर बहुधा १९७९ पासूनची ‘मॉडबस’ भाषा चालते. शेजारी मोठ्या मोटारी. त्यांच्या विद्युत गोंगाटाने संदेश बिघडतो. बिघाड ओळखण्यासाठी संदेशाला पडताळणीचा आकडा जोडलेला असतो, पण किती वेळा पुन्हा विचारायचे आणि केव्हा हार मानून अलार्म द्यायचा, हे माणसांनाच ठरवावे लागते. शिवाय दोन तारांच्या जोडणीत एका वेळी एकालाच बोलता येते. प्रश्न विचारून झाल्यावर ड्रायव्हरने आपला आवाज वेळेत बंद केला नाही, तर उत्तराची पहिली अक्षरे गिळली जातात. घाईने बंद केला, तर प्रश्नाचे शेवटचे अक्षर तुटते. टेबलावर निवांत असलेला प्रोसेसर ही वेळ पाळतो. दहा कामांत गुंतला की चुकवतो.

‘ध्रुव६४’ ज्या रिस्क-फाइव्हवर आधारित आहे, ती आज्ञावली खुली आहे. त्यामुळे लिनक्स त्यावर आणणे सोपे होते. पण बसचा कंट्रोलर प्रत्येक चिपमध्ये वेगळा असू शकतो. तो वेगळा असला की ड्रायव्हर आणि त्याच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात. पावण्यातल्या खरेदीदाराने म्हणूनच विक्रेत्याकडे चालू पॅनेलचे प्रात्यक्षिक मागू नये. पॅनेल चालू असताना सेन्सरची तार उपटायला सांगावी आणि पडद्यावर काय उमटते ते पाहावे.