बिअर घरी नको, पण माल्ट घरी शिका



आजची नोंद जरा वेगळी आहे. नाव वाचूनच काही जण नाराज होतील. पण शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

आमच्या शहाड-कल्याण पट्ट्यातली नोकरीवाली पोरं हल्ली विचारतात, "काका, घरी बिअर करता येते म्हणे, सातू कुठे मिळेल?" त्यांना आधी सरळ सांगतो. महाराष्ट्रात परवाना नसताना बिअर करणं गुन्हा आहे. कायदा १९४९ चा आहे आणि स्वतःच्या पिण्यापुरती केली म्हणून त्यात सूट नाही. अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलून घरच्या बिअरला मोकळीक दिली, म्हणून तिकडचे लोक व्हिडिओ टाकतात. ते बघून इथे पिंप मांडू नका.

पण विषय इथे संपत नाही. बिअर म्हणजे काय हे शेतकऱ्याला कळलं पाहिजे, कारण त्यातलं निम्मं काम आपल्या घरातलं आहे.

बघा, सातूला मोड आणायचे, सुकवायचे, भरडायचे. याला माल्ट म्हणतात. हे भरड साधारण ६५ ते ६८ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातल्या पिठाची साखर होते. गाळून ते गोड पाणी हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालून झाकून ठेवायचं. २० अंशाच्या आसपास आठ-पंधरा दिवसांत बिअर तयार. आपल्याकडे मे महिन्यात घरात ३५ च्या वर पारा जातो, तिथे थंड करायच्या सोयीशिवाय चवच बिघडते. भांडी निर्मळ नसतील तर आंबट होते. बाटलीत साखर जास्त गेली तर बाटली फुटून डोळ्याला इजा होते. म्हणजे दिसतं तेवढं सोपं नाही.

जीवामृत करणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. २०० लिटरच्या पिंपात आपण शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन घालतो. गूळ कशाला? तर जिवाणूंना खायला. बिअरमध्ये गुळाच्या जागी माल्टची साखर, आणि खाणारं यीस्ट. फरक एवढाच की आपण काठीने ढवळून हवा देतो, तिथे हवा बंद करतात. हवा मिळाली नाही की यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं.

आता माझा मुद्दा. या सगळ्यात पैसा माल्टमध्ये आहे आणि माल्ट करायला कुठलाही दारूचा परवाना लागत नाही.

आपल्याकडच्या कारखान्यात बिअर होते, पण सातू मुख्यतः राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातला. आपलं काय जातं? पाणी. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावं लागलं होतं, आठवत असेल. पाणी आपलं, दाणा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

आणि आपल्याकडे दाणा नाही असं नाही. शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे निघालात की पुढे डोंगरउताराला नाचणी लागते. शहापूर, जव्हार, मोखाड्यातही आहे. मोड आणण्याच्या बाबतीत नाचणी हे सातूच्या खालोखाल चांगलं धान्य मानतात. सिक्कीममध्ये पिढ्यान् पिढ्या नाचणीपासूनच छांग करतात, बांबूच्या भांड्यात गरम पाणी ओतून नळीने पितात. आफ्रिकेत ज्वारी-नाचणीची बिअर गावोगाव होते. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, भाषणं झाली. नाचणीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर आहे. पण चार-सहा मण विकणाऱ्या बाईच्या दारात हमीभाव येत नाही, व्यापारी येतो. दाणा म्हणून विकली तर भाव तोच ठरवणार. मोड आणून, सुकवून विकली तर भाव आपण सांगू शकतो.

करायची रीत सोपी आहे. नाचणी निवडून धुवा, १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून ओल्या सुती फडक्यात बांधा. आपल्या हवेत दोन दिवसांत मोड येतात. गाठोडं आतून तापतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा सोडून हलवा, पाण्याचा हबका मारा. बुरशी धरली तर टाकून द्या, गुरांनाही घालू नका. मोड आले की पातळ पसरून कडकडीत सुकवा, चोळून मोड काढा, पाखडा. सत्त्वासाठी हवं तर भाजा. माल्ट म्हणून विकायचं असेल तर तव्यावर भाजू नका, एन्झाइम मरतात.

माल्ट जमलं की नाही ते घरीच बघता येतं. नाचणीची घट्ट पेज करा, जरा निवू द्या, हाताला चटका बसेल एवढी गरम असतानाच चमचाभर माल्टचं पीठ टाकून ढवळा. थोड्या वेळात पेज पातळ आणि गोडसर झाली तर माल्ट चांगलं. ही पेज लहान पोरांना, आजारी माणसाला उत्तम. म्हणजे बिअरवाला आला नाही तरी माल वाया जात नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या आयाबहिणी म्हणतील, दारूने घरं बुडाली आणि तुम्ही हे काय शिकवता? त्यांचं म्हणणं खरं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मेली मिथेनॉलने, कारखान्यात वापरायचं रसायन दारूत मिसळलं म्हणून. धान्य आंबवून केलेल्या बिअरचा हा धोका नाही. पण व्यसनाचा आहेच, तो मी नाकारत नाही.

म्हणून माझं मत असं आहे. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकच्या द्राक्षाला वायनरी मिळाली. गोव्यात काजूची फेणी गावच्या भट्टीत परवान्यावर होते, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग डोंगरातल्या नाचणीवाल्याने काय घोडं मारलंय? बचत गटाला किंवा शेतकरी कंपनीला नाचणीच्या सौम्य बिअरचा लहान परवाना द्यावा. फी परवडणारी हवी, धान्य त्याच तालुक्यातलं हवं आणि विक्री परवान्याच्याच ठिकाणी.

आणि एक अट सगळ्यात आधी. गावातल्या बायकांची संमती. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, हा नियम आपल्याकडे आहेच. तोच सुरुवातीला लावा. बायका हो म्हणाल्या तर परवाना, नाही म्हणाल्या तर नाही. नाचणी लावणी, कापणी, झोडणी त्याच करतात, तर निर्णयही त्यांचाच.

परवान्याला दहा वर्षं लागोत नाहीतर कधीच न मिळो, माल्ट शिकायला आजपासून अडचण नाही. आपली शहरं बिअर पिणारच आहेत. पुण्या-मुंबईच्या लहान ब्रुअरीवाल्यांना इथलं धान्य पसंत पडलं तर नमुना घेऊन आपणच जाऊ.

विद्यापीठातले, कृषी खात्यातले जाणकार वाचत असतील तर एक विनंती. दापोलीच्या आणि गावठी वाणांपैकी कुठल्या नाचणीला मोड सारखे आणि लवकर येतात, ते सांगा. आणि ज्यांनी घरी माल्ट केलंय त्यांनी किलोला किती उतारा मिळाला ते लिहा. आकडे जमले की तक्ता करून इथेच टाकतो.