अभय नेमके कोणाला?

मालवणच्या धक्क्यावर उतरणारा पर्यटक आज प्रथम चौकशी करतो ती स्कूबाच्या दराची. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना बोट... तारकर्लीपर्यंत हाच बाजार! समोर शिवछत्रपतींनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे. तो मात्र परतीच्या होडीपूर्वी अर्ध्या तासात ‘उरकायचा’ असतो.

या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र शासनाने १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित केले. दहा वर्षांनी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला आणि पहिली घोषणा दुसरीच्या गर्दीत बुडाली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे; वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारी ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. तिच्यावर नांगर टाकायचे, छायाचित्रासाठी पाय रोवायचे, मासे जमावेत म्हणून पाव कुस्करायचा आणि वर त्या जागेला अभयारण्य म्हणायचे!

स्थानिक तरुणांना या व्यवसायाने चार पैसे दिले, हे खरेच. पण त्यांचे भांडवल तो प्रवाळच आहे. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. त्याचे श्रेय घेणाऱ्यांनी आता होड्यांसाठी कायमचे बोये बसवावेत आणि पाण्यात उतरणाऱ्यांची दैनंदिन संख्या ठरवून द्यावी.