वाढपी नसलेली पंगत

शब्द भेटला की आधी त्याचे कूळ विचारायचे, ही आम्हा भाषा शिकवणाऱ्यांची खोड. ‘शार्क्युतरी’ या फ्रेंच शब्दाच्या पोटात ‘शेर’ म्हणजे मांस आणि ‘क्वीत’ म्हणजे शिजवलेले, असे दोन शब्द दडले आहेत. डुकराच्या मांसाचे खारवलेले, धुरी दिलेले, वाळवलेले प्रकार आणि ते विकणारे दुकान, या दोहोंना फ्रान्समध्ये हेच नाव. फ्रिज नव्हते तेव्हा मांस टिकवायचे कसे, या काळजीतून ही विद्या वाढली. आपली वाळवणे आणि लोणच्यांच्या बरण्या तरी आणखी कशातून आल्या?

हे जिन्नस चीज, पाव, फळे यांच्यासह लाकडी फळीवर मांडायचे आणि सर्वांनी भोवती बसून हवे ते उचलायचे, अशी रीत आता आपल्या शहरांतही आली आहे. गेल्या भाऊबीजेच्या संध्याकाळी माझ्या भाच्याने ती आमच्या घरात आणली. मंडळी आठ, त्यांत पाच शाकाहारी. म्हणून मोठी फळी शाकाहारी, आणि सलामीच्या चकत्यांची लहान फळी निराळी, तिची सुरीही निराळी. “माझ्या पोळपाटाला हात लावायचा नाही,” हे सासूबाईंनी आधीच बजावले होते.

कृती सोपी आहे. आधी वाट्या ठेवाव्यात: लसणीची चटणी, लिंबाचे गोड लोणचे, मध. मग दोन-तीन प्रकारचे चीज, माणशी सुमारे 50 ग्रॅम. ते अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढले की चव खुलते. भोवती कडक पाव, खाकरे, कडबोळी. उरलेल्या जागेत पेरूच्या फोडी, काकडी, खजूर, काजू. चीज आणि मांस दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. गोव्याचे चोरीस मात्र कच्चे असतात; ते कांद्याबरोबर नीट शिजवूनच खायचे, नुसते कापून मांडायचे नाहीत.

आपल्या ताटाला व्याकरण असते. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. फळीला डावे-उजवे नाही, आणि मुख्य म्हणजे वाढणारे कुणी लागत नाही. सासूबाई सवयीने पदर खोचून उभ्याच होत्या. भाचा म्हणाला, “आजी, तू कुणाला काय वाढणार आहेस? बस की!” त्या माझ्या नणंदेच्या शेजारी बसल्या. इतकी वर्षे माहेरी आलेल्या लेकीला त्यांनी पोटभर वाढले होते. पण तिच्या बरोबरीने बसून खाल्लेले मी तरी कधी पाहिले नव्हते. बोलता बोलता दोघींनी मिळून लोणच्याची वाटी संपवली.

फळीत उणे नाही असे नाही. तिथे आग्रह नसतो, आणि भिडस्त पाहुणा दोन काजूंवर उठतो. त्याच्यासमोर बशी सरकवणारे कुणीतरी हवेच. मला विचाराल तर भाऊबीजेला दुपारी ताट असावे आणि संध्याकाळी फळी. फक्त खायला सुरुवात करण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावून यावे. तिथे कुणी मागे राहिले असेल, तर तिला हाताला धरून बाहेर आणावे.